वाट पाहणाऱ्याचा वाटा

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो. हातात कागदी ताट, पुढे मसालेभाताचा वास, मागे कुणाची तरी मुलं एकमेकांच्या झब्ब्याला हात पुसताहेत. नेहमीचंच दृश्य. तेवढ्यात मागून आवाज आला, “काका, एक विचारू?”

‘काका’ ऐकून अर्धा जीव तिथेच गेला. वळून पाहिलं तर चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. एमएस करून नुकताच नोकरीला लागलेला, शॉमबर्गलाच दोन मित्रांबरोबर अपार्टमेंट घेऊन राहणारा. म्हणाला, “तुम्ही पूर्वी युरेनियममध्ये होता ना?”

जणू मी तिथे नोकरीला होतो! आमच्या कुठल्याशा मित्राने त्याला सांगितलं होतं. त्याचं म्हणणं असं, की एका छोट्या युरेनियम कंपनीचे शेअर त्याने घेतलेत. कंपनीने अजून किलोभरही युरेनियम बाहेर काढलेलं नाही, पण जमिनीखाली साठा चांगला आहे म्हणतात. कोणीतरी मोठी कंपनी तिला आज ना उद्या विकत घेणार अशी हवा आहे. सगळे छोटे गुंतवणूकदार त्या बोलीची वाट पाहत बसलेत. “काका, विकू की थांबू?”

रांग पुढे सरकली. मी त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नकोस, अफवेवर घर बांधू नकोस, गाडीचा हप्ता बाजूला काढ, वगैरे. तो समाधानाने जिलबीकडे वळला. घरी येताना गोल्फ रोडच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मनात आलं, की त्याने जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं. पण मला स्वतःला चौदा वर्षांपूर्वी जे कुणीतरी विचारायला हवं होतं, ते मी त्याला विचारलंच नाही. तेच आज इथे लिहायचा प्रयत्न करतो.

युरेनियमचा भाव हे मोठं लहरी प्रकरण आहे. २००७ च्या उन्हाळ्यात तो पौंडाला १३० डॉलरच्या वर गेला, २०१६ च्या अखेरीला २० डॉलरच्या खाली आला आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा १०० डॉलर ओलांडून गेला. भाव चढला की छोट्या छोट्या कंपन्या उगवतात. पावसाळ्यात छत्र्या उगवतात तशा. या कंपन्यांकडे खाण नसते. जमिनीवरचे परवाने असतात, एक ड्रिलिंगचं यंत्र भाड्याने घेतलेलं असतं आणि खालून काढलेल्या दगडाच्या कांड्यांचे तपासणी अहवाल असतात. खाण उघडायला दहा-पंधरा वर्षं आणि कोट्यवधी डॉलर लागतात, ते यांच्याजवळ कधीच नसतात. त्यामुळे यांच्या शेअरचं खरं स्वप्न एकच: कुणीतरी मोठ्याने येऊन आपल्याला विकत घ्यावं. उपवर मुलीच्या बापासारखं सगळं घर दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं.

मी ज्या कंपनीत होतो तिचं नाव हॅथॉर. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताच्या उत्तरेला अथाबास्का खोरं आहे. जगातलं सगळ्यात कसदार युरेनियम तिथे सापडतं. तिथे हॅथॉरला २००८ साली ‘रफरायडर’ नावाचा साठा सापडला. आम्ही चार मित्र शनिवारी सकाळी कॉफीला जमायचो. चौघेही आयटीतले, चौघांनाही एच-वन, ग्रीन कार्ड आणि शेअर याखेरीज विषय नव्हता. त्यातल्या एकाने हे नाव आणलं. मी दीड हजार शेअर घेतले. कंपनीचे एकूण शेअर चौदा कोटींच्या घरात. म्हणजे त्या जमिनीखालच्या संपत्तीत माझा वाटा साधारण नव्वद हजारांतला एक! पण मनात मी खाणमालक झालो होतो.

आता ज्या सकाळीबद्दल लिहायला मला आजही संकोच वाटतो, त्या सकाळीकडे येतो. ११ मार्च २०११ ला जपानात भूकंप झाला, त्सुनामी आली. आपल्याकडे गुरुवारची मध्यरात्र होती. शनिवारी सकाळी टीव्हीवर फुकुशिमाच्या अणुभट्टीची इमारत फुटताना दाखवत होते. पांढरा धूर, मग पुन्हा तेच दृश्य, मग पुन्हा तेच. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसलो होतो. चेहरा पडलेला. बायको आमच्या सहा महिन्यांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आतून आली, माझ्याकडे पाहिलं आणि काळजीने म्हणाली, “काय रे, तुझ्या ओळखीचं कुणी आहे का तिकडे?”

मी म्हणालो, “नाही गं. शेअर आहेत.”

ती काही बोलली नाही. मुलीला घेऊन आत गेली. त्या आपत्तीत अठरा हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, दीड लाखाहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. आणि मी सोमवारी बाजार कितीला उघडेल याचा हिशेब करत होतो. मी काही दुष्ट माणूस नाही. मंडळाच्या मदतनिधीला पुढच्याच आठवड्यात चेकही दिला. पण पहिला विचार कुठला आला, ते मला माहीत आहे.

त्याच आठवड्यात लंडनच्या बाजारात नामिबियातल्या युरेनियममध्ये पैसे असलेल्या कलहारी मिनरल्स या कंपनीचे लोक माझ्याहून वाईट अवस्थेत होते. एका चिनी सरकारी कंपनीने त्यांना शेअरमागे २९० पेन्स देऊ केल्याला चार दिवस झाले होते. भूकंपानंतर चिनी कंपनीने २७० ला सौदा मागितला. तिथल्या नियामकांनी भाव असा मध्येच पाडायला परवानगी नाकारली आणि मे महिन्यात बोलणी मोडली. डिसेंबरमध्ये तीच कंपनी २४३ पेन्स आणि वर थोडं, एवढ्यावर परत आली, आणि लोकांनी ते घेतलं. वाट पाहणाऱ्याचं दैव हे असं. दूर कुठेतरी जमीन हलते आणि त्याचा भाव बदलतो.

आमचं दैव मात्र उघडलं. २०११ च्या ऑगस्टमध्ये कॅमेको या बड्या कॅनेडियन कंपनीने हॅथॉरच्या शेअरला ३.७५ डॉलरची बोली लावली. हॅथॉरचं संचालक मंडळ म्हणालं, ही किंमत कमी आहे. ऑक्टोबरमध्ये रिओ टिंटो ४.१५ घेऊन आली. नोव्हेंबरमध्ये कॅमेको ४.५०, तीन दिवसांनी रिओ ४.७०. कॅमेको थांबली. सगळी मिळून ६५ कोटी कॅनेडियन डॉलरची खरेदी. आमच्या शनिवारच्या कॉफीला त्या दिवसांत क्रिकेटच्या फायनलची रंगत होती. एकाने ४.१५ ला घाईने विकलं म्हणून त्याला आम्ही महिनाभर चिडवलं. मी शेवटच्या बोलीनंतर विकलं. सात हजार डॉलरच्या आसपास हातात आले. त्यातून टाउनहाऊसचं किचन नवीन केलं. नवा ओटा, नवी कपाटं. पाहुणे यायचे, ओट्यावरून हात फिरवून छान म्हणायचे. आम्ही त्याला थट्टेने ‘युरेनियमचा ओटा’ म्हणायचो.

गोष्ट इथे संपली असती. पण २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी वाचली, की रिओ टिंटोने रफरायडर एका अमेरिकन कंपनीला १५ कोटी अमेरिकन डॉलरला विकून टाकलं. दिलेल्या पैशापेक्षा कितीतरी कमी. मधल्या अकरा वर्षांत तिथे खाण झालीच नव्हती. माझ्या मनात आधी आलं, बरं झालं आपण वेळेवर विकलं. मग आठवलं, की माझ्या ४०१(के) मध्ये जो आंतरराष्ट्रीय इंडेक्स फंड आहे, त्यात रिओ टिंटोही आहे. म्हणजे उजव्या हाताने चढ्या भावात विकलं आणि डाव्या हाताने, न बघता, तोट्यात वाटेकरी झालो! त्या संध्याकाळी पहिल्यांदा नकाशा उघडून रफरायडर कुठे आहे ते पाहिलं. ज्या जमिनीचा मी ‘मालक’ होतो, ती मला नकाशात शोधावी लागली. वोलास्टन सरोवराच्या त्या भागात डेने लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि मासेमारी करत आलेत. तिथल्या जुन्या युरेनियम खाणीविरुद्ध त्यांनी १९८५ साली रस्ता अडवून धरला होता. पुढे त्या भागातल्या खाणींनी मूळ रहिवाशांना मोठ्या संख्येने नोकऱ्याही दिल्या. म्हणजे गोष्ट एकरंगी नाही. पण मला यातला एकही रंग ठाऊक नव्हता. मला चार आकडे ठाऊक होते: ३.७५, ४.१५, ४.५०, ४.७०.

आणि तेव्हा मला माझे आजोबा आठवले.

आजोबा गिरगावात राहायचे, एका ऑफिसात कारकुनी करायचे. रत्नागिरी जिल्ह्यात त्यांची थोडी भातजमीन होती, ती कुळं कसायची. वर्षाला खंडाचं भात यायचं. १९४८ चा कूळ कायदा आला, १९५६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा कूळ हाच जमिनीचा खरेदीदार मानला गेला. कसेल त्याची जमीन. आजोबांची जमीन गेली. ऐंशीच्या दशकात, मी शाळेत असताना, ते अजूनही त्यावर चिडायचे. “कष्टाने घेतलेली जमीन एका रात्रीत परकी झाली,” म्हणायचे. मी आजोबांच्या बाजूचा. नातवाने दुसऱ्या कोणाच्या बाजूचं असावं?

आज मी त्यांच्या वयाकडे सरकतोय, आणि कबूल करतो, की कायद्याचं म्हणणं मला पटतं. जमिनीत ज्याचे पाय चिखलाने भरतात त्याचा तिच्यावर काही हक्क आहे, आणि शहरात बसून भाताची वाट पाहणाऱ्याचा हक्क त्यापुढे थोडा पातळ आहे. पण आजोबांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. त्यांना आपल्या कुळांची नावं माहीत होती. कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाचा बैल मेला, कोणत्या वर्षी पाऊस गेला म्हणून खंड सोडायचा, हे ते जाणून होते. ते दूरचे मालक होते, पण आंधळे नव्हते. त्यांचा नातू शॉमबर्गला बसून एका बर्फाळ प्रदेशातल्या जमिनीचा मालक झाला, आणि त्याला त्या जमिनीच्या जवळचं एक गावही माहीत नव्हतं. आजोबांची मालकी कायद्याने काढून घेतली. माझी मालकी तर कायदा मोठ्या कौतुकाने सांभाळतो!

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. कुळाचं नाव, कर्जाचा बोजा, कुणाचा वहिवाटीचा हक्क हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. जमीन घेणारा शहाणा माणूस आधी तो रकाना वाचतो. शेअरच्या स्टेटमेंटवर कंपनीचं नाव असतं, संख्या असते, भाव असतो. ‘इतर अधिकार’ नसतात. म्हणून ते हक्क संपलेले असतात का?

याचं उत्तर शोधायला कॅनडापर्यंत जायला नको. आपल्या शॉमबर्गपासून अर्ध्या तासावर वेस्ट शिकागो आहे. एका क्लायंटकडे काम करताना माझ्या शेजारी तिथेच वाढलेला एक सहकारी बसायचा. एकदा जेवताना सहज म्हणाला, “मी लहान असताना आमचं अंगण खणून नेलं होतं.” मला वाटलं, पाइप टाकायला असेल. तो म्हणाला, “नाही, माती नेली. सगळी. आगगाडीने यूटाला.”

हकीकत अशी. १९३० च्या दशकापासून वेस्ट शिकागोत एक कारखाना थोरियम काढत असे. आपल्याकडे वरातीत डोक्यावर ज्या गॅसबत्त्या असत, त्यातल्या जाळीदार मँटलला थोरियम लागायचं. पुढे अणुसंशोधनालाही लागलं. मागे उरलेली वाळूसारखी किरणोत्सर्गी माती गावातल्या लोकांनी भरावासाठी, अंगणासाठी नेली, कारण ती फुकट होती आणि कुणी नको म्हटलं नाही. १९६७ मध्ये केर-मॅगी या कंपनीने दुसरी एक कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर हा कारखानाही पदरात आला. १९७३ मध्ये तो बंद झाला. नंतर सहाशेहून अधिक घरांच्या आवारातली माती, रीड-केपलर पार्कची माती, ओढ्याचा गाळ असं सगळं उपसावं लागलं.

ही केर-मॅगी मुळात युरेनियमवाली. १९५२ पासून तिने नवाहो आदिवासींच्या प्रदेशात खाणी चालवल्या. त्या काळात खाणीत धड हवा खेळत नसे, कामगारांना धोका कुणी सांगितला नाही. फुफ्फुसांच्या रोगाने अनेक गेले. १९९० साली अमेरिकन सरकारने अशा खाणकामगारांसाठी भरपाईचा कायदा केला. नवाहो भूमीवर आज पाचशेहून अधिक ओसाड युरेनियम खाणी आहेत, त्यातल्या पन्नासेक या कंपनीच्या खात्यावरच्या.

आता टेकओव्हरकडे या. केर-मॅगीने तेल आणि गॅसचा चांगला धंदा स्वतःकडे ठेवला आणि रसायनांच्या धंद्याबरोबर सत्तर वर्षांची ही सगळी जुनी देणी ‘ट्रोनॉक्स’ नावाच्या वेगळ्या कंपनीच्या गळ्यात बांधली. मार्च २००६ मध्ये ट्रोनॉक्स पूर्ण वेगळी झाली. तीनच महिन्यांनी, जूनमध्ये, अ‍ॅनाडार्को कंपनीने केर-मॅगीसाठी शेअरमागे ७०.५० डॉलर रोख देऊ केले. बाजारभावाहून ४० टक्के जास्त. भागधारकांनी आनंदाने घेतले. कोण नाही घेणार? जानेवारी २००९ मध्ये ट्रोनॉक्सने दिवाळं काढलं. डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की घेणेकऱ्यांच्या हाती मालमत्ता लागू नये म्हणूनच ही वाटणी झाली होती. २०१४ मध्ये ५१५ कोटी डॉलरची तडजोड झाली, त्यातले सुमारे १०० कोटी नवाहो भूमीवरच्या त्या पन्नास खाणींसाठी. वेस्ट शिकागोलाही वाटा मिळाला.

घर विकायच्या आधी मोरीचं पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडून द्यायचं, मग घर छान दिसतं, भाव चांगला येतो, असा हा प्रकार. ज्यांच्याकडे पन्नास-शंभर शेअर होते, त्या निवृत्त शिक्षकाने किंवा पोस्टमनने हे काही ठरवलं नव्हतं. पण त्यांना मिळालेल्या ७०.५० मध्ये काही भाग त्या मोरीचा होता. आणि तडजोडीचे पैसे अ‍ॅनाडार्कोने दिले. ते जुने छोटे भागधारक केव्हाच पैसे घेऊन घरी गेले होते.

अशा वेळी आपण मनाची समजूत तीन प्रकारे काढतो. मी तिन्ही वापरलेल्या आहेत.

पहिली: “मी एवढासा, माझी कसली जबाबदारी?” नव्वद हजारांतला एक. पण बोली वाढली तेव्हा मी असं म्हटलं नाही, की मी एवढासा, माझा कसला नफा? नफ्याला माझा वाटा मोजता येत होता, पैशापर्यंत. मग जबाबदारीच्या वेळीच तो मोजता न येण्याइतका लहान कसा होतो? थेंबे थेंबे तळे साचे हे आपण मुलांना बचत शिकवताना सांगतो. तळ्यात घाण साचली की मात्र प्रत्येक थेंब म्हणतो, मी तर एकटाच आहे.

दुसरी: “मी शेअर दुसऱ्या भागधारकाकडून घेतले. कंपनीला माझा पैसाही गेला नाही.” हे हिशेबाने खरं आहे. पण अशा छोट्या कंपन्या नवे शेअर विकूनच जगतात, आणि ते कितीला विकले जातील हे आपण वाट पाहणारे भाव धरून ठेवतो त्यावर ठरतं. शिवाय आपण वाटतो तितके दुबळे नाही. २०१५ मध्ये डेनिसन आणि फिशन या दोन कॅनेडियन युरेनियम कंपन्यांचं एकत्रीकरण ठरलं होतं. फिशनच्या भागधारकांना भाव पटला नाही. दोन-तृतीयांश मतं मिळणार नाहीत असं दिसल्यावर ऑक्टोबरमध्ये बेत रद्द करावा लागला. २०२४ मध्ये त्याच फिशनला पॅलाडिनने एक अब्जाहून अधिक कॅनेडियन डॉलरना विकत घेतलं. भावासाठी आपण एकत्र येतो, पत्रं लिहितो, मत देतो. मग ‘तुम्ही गेल्यावर तिथली माती कोण साफ करणार, त्याचे पैसे आज बाजूला ठेवलेत का’ हे विचारायला आपण दुबळे कसे?

तिसरी: “मी नाही घेतले तर दुसरा घेईल.” घेईलच. पण या युक्तिवादाने जगातलं कुठलंही काम करता येतं. तो आपण मुलांच्या तोंडून चालवून घेत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मी युरेनियमच्या विरुद्ध नाही. इलिनॉयची जवळपास निम्मी वीज अणुभट्ट्यांतून येते. अकरा अणुभट्ट्या आहेत आपल्या राज्यात. २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मीने पहिली नियंत्रित अणुसाखळी चालवली, तीही शिकागो विद्यापीठाच्या स्टेडियमखाली. मी मुंबईत ज्या दिव्याखाली अभ्यास केला, त्यात १९६९ पासून चालू असलेल्या तारापूरचा अंश असणारच. त्या तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. भारतातली पहिली युरेनियम खाण, जादुगुडा, संथाळ आणि हो आदिवासींच्या मुलखात आहे. ती सरकारी आहे, तिचे शेअर बाजारात मिळत नाहीत. म्हणजे तिथे तर आपण सगळेच छोटे भागधारक झालो. तेव्हा शेअर विकून मी हात झटकू शकत नाही. दिवा लावला की मी पुन्हा वाटेकरी. धुराच्या विजेपेक्षा ही वीज पृथ्वीला बरी आहे, हेही मला पटतं. जोखीम घेऊन पैसा लावणारे लोक नसते तर हे साठे सापडलेही नसते. नफा होणं पाप नाही. वाट पाहणंही पाप नाही.

मग बोचतं ते काय? मला वाटतं, ते वाट पाहण्याच्या प्रकारात आहे. शेतकरीही वाट पाहतो, पण पेरून. आई वाट पाहते, पण जेवण झाकून ठेवून. बोलीची वाट पाहणारा मात्र आपल्या वस्तूपासून सुटण्याचीच वाट पाहत असतो. वस्तू माझी आहे, पण ती मला नकोय. तिच्यासाठी कुणी किती देतो एवढंच हवंय. अशी मालकी असली की जमीन, पाणी, माणसं सगळं धूसर होतं आणि आकडा तेवढा ठळक राहतो. त्या शनिवारी सकाळी टीव्हीवर माणसं पळत होती, आणि मला आकडा दिसत होता, तो यामुळेच.

श्रावणी सोमवारी माझी आजी खुलभर दुधाची कहाणी सांगायची. राजाने हुकूम काढला, की गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओता. लोकांनी वासरांचं, पोराबाळांचं तोंडचं दूध काढून ओतलं. गाभारा काही भरेना. एका म्हातारीने आधी घरच्या मुलाबाळांना, सुनांना, गाईच्या वासरांना पाजलं, आणि उरलेलं खुलभर दूध नेऊन ओतलं. गाभारा भरून वाहू लागला. लहानपणी मला ही चमत्काराची गोष्ट वाटायची. आता वाटतं, ती हिशेबाची गोष्ट आहे. म्हातारीने ‘इतर अधिकार’ आधी चुकते केले. मग जे उरलं ते तिचं होतं, म्हणून ते द्यायला तिला सत्ता होती. आणि ती छोटी होती हे तिने कारण म्हणून सांगितलं नाही.

तेव्हापासून माझ्या एक्सेलच्या तक्त्यात, भाव आणि संख्येच्या पुढे, मी एक रकाना वाढवलाय. त्याचं नाव ‘इतर अधिकार’. एखाद्या कंपनीचे शेअर घ्यायचे तर तिथे तीन ओळी लिहायच्या: ही जमीन कुठे आहे, तिथे कोण राहतं, आणि आपण निघून गेल्यावर आवरणार कोण. रकाना भरता आला नाही तर घ्यायचे नाहीत. वर्षाला कंपनीकडून मताचा कागद येतो, तो पूर्वी मी कचऱ्यात टाकायचो. आता वाचतो, मत देतो, एखादं पत्र लिहितो. उत्तर बहुधा छापील येतं. इंडेक्स फंडाचं काय करायचं ते मला अजून सुटलेलं नाही. त्यात हजारो कंपन्या आहेत आणि रकाना रिकामा आहे. खोटं कशाला सांगू? नफा झाला तर त्यातला काही भाग ज्यांच्या मातीतून तो आला त्यांच्या बाजूने काम करणाऱ्यांना जावा, असंही घरात ठरलंय. रक्कम सांगण्यासारखी नाही, खुलभरच आहे. याने नवाहो भूमीवरची एक खाणही बुजणार नाही, हे मला कळतं. पण निदान नफा मोजताना जेवढा मी मोठा असतो, तेवढाच देणं मोजताना असावा, एवढी इच्छा आहे.

परवा त्या मुलाला फोन केला. म्हटलं, “त्या दिवशी अर्धंच उत्तर दिलं होतं.” मग हे सगळं सांगितलं, लांबलचक, काकांसारखंच. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, फोन बाजूला ठेवून मॅच बघतोय. शेवटी म्हणाला, “म्हणजे विकू की थांबू?”

मी म्हटलं, “थांब की. तुझे पैसे, तुझा निर्णय. फक्त ती जमीन कुठे आहे ते आज रात्री नकाशात बघ.”

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. बोलीबद्दल काहीच नव्हतं. नकाशाचं एक चित्र होतं, त्यावर एका सरोवराच्या काठाला लाल टिंब, आणि खाली लिहिलं होतं, “काका, इथे एक शाळा आहे.”

घरी ‘युरेनियमचा ओटा’ अजून तसाच आहे. माझी मुलगी आता हायस्कूलमध्ये आहे, त्याच ओट्यावर बसून अभ्यास करते. त्या संध्याकाळी तिने विचारलं, बाबा, याला युरेनियमचा ओटा का म्हणतात? इतकी वर्षं मी त्यावर एक विनोद सांगायचो. या वेळी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो आणि त्या शनिवारच्या सकाळपासून सुरुवात केली.